हे खरे आहे काय? दिवसभर संसद पाहिली. असल्यास, हाती काय लागलं?

पर्वतीपायथा:
गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दीड महिना घरीच आहे. मालिकांनी डोकं उठलं, म्हणून अधिवेशन चालू असताना एक अख्खा दिवस संसद टीव्हीसमोर काढला. सकाळी अकराला चहा घेऊन बसलो, तो संध्याकाळी बायकोनं रिमोट काढून घेईपर्यंत. तिचं म्हणणं, नुसतंच बसायचं होतं तर निदान लसूण तरी सोलायचा. माझं म्हणणं वेगळं आहे, म्हणून हा धागा.

लोकसभेत अकरा ते बारा प्रश्नोत्तराचा तास. दिवसाला 20 तारांकित प्रश्न असतात. तारांकित म्हणजे मंत्र्यानं उभं राहून उत्तर द्यायचं आणि वर पुरवणी प्रश्न झेलायचे. तासाभरात जेमतेम पाच-सहा होतात. 2019 च्या नोव्हेंबरात एका दिवशी वीसच्या वीस झाले, तर त्याचीच बातमी झाली होती. मी पाहिलं त्या दिवशी सुरुवात घोषणांनी झाली, मग गाडी रुळावर आली. तऱ्हा ठरलेली. खासदार आपल्या जिल्ह्याचं विचारतो, मंत्री अख्ख्या देशाचा आकडा सांगून खाली बसतो, पुरवणीत खासदार परत जिल्ह्यावर येतो. त्या दुसऱ्या फेरीत मंत्री कागद चाळायला लागला की समजायचं, आता खरा प्रश्न सुरू झाला.

बाराला शून्य प्रहर. एकेकाला मिनिट-दोन मिनिटं. कुणाचं स्टेशन, कुणाचं पोस्ट ऑफिस, कुणाची पेन्शन. दुपारी खात्यांच्या खर्चाच्या मागण्यांवर चर्चा, आणि बाकं अशी रिकामी की भाषण करणाऱ्याची दया यावी.

पण खरा माल टीव्हीवर दिसतच नाही. त्याच दिवशी 230 पर्यंत अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरं पटलावर येतात. ती घरबसल्या वाचता येतात, आणि ती कोणी वाचत नाही. संध्याकाळी रिमोट गेल्यावर मी मोबाईलवर तेच वाचत बसलो. गोंधळ बघून 'संसद म्हणजे तमाशा' म्हणणाऱ्यांनी ही उत्तरं एकदा उघडून बघावीत, एवढंच माझं म्हणणं.

तिरकस_नारायणपेठ:
लसूण सोलला असता तर फोडणी तरी बसली असती.

सिंहगडरोडकर:
काका, गुडघ्याला लवकर आराम पडो. पण मुद्दा पटला नाही.

माझ्या सार्वजनिक सेवा कोणत्या? नळाचं पाणी, बस, कचरा, रस्ता. यातलं दिल्लीत काय ठरतं? खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. या चार धरणांतलं किती पाणी शहराला आणि किती शेतीला, हे कालवा समितीच्या बैठकीत ठरतं. लोकसभेत विचारा, 'पाणी हा राज्याचा विषय आहे' असं एका ओळीत उत्तर येईल आणि खाली केंद्राच्या योजनांची यादी चिकटवलेली असेल. विचारायची खरी जागा म्हणजे महापालिकेची मुख्य सभा. तिची मुदत 2022 च्या मार्चमध्ये संपली आणि नंतर वर्षानुवर्षं प्रशासक. तेव्हा जाब विचारायला कोण होतं?

आणि संसदेचंच म्हणाल तर 2020 च्या पावसाळी अधिवेशनात कोविडचं कारण देऊन प्रश्नोत्तराचा तासच ठेवला नव्हता. कोणाचं काय अडलं? 2018 मध्ये अर्थसंकल्पाच्या मागण्या चर्चेविना गिलोटिनखाली, म्हणजे सगळ्या एकदम मताला टाकून, मंजूर झाल्या. 2005 मध्ये तर प्रश्न विचारायचे पैसे घेतले म्हणून 11 खासदारांना घरी पाठवलं. असल्या तासाचं कौतुक मला नका सांगू.

फायलीत_हरवलेला:
मंत्रालयात बरीच वर्षं काढली, म्हणून दुसऱ्या बाजूनं सांगतो. मी उत्तरं बघणारा नव्हे, लिहिणारा माणूस.

आमच्याकडे 'एलएक्यू (विधानसभेचा प्रश्न) आलाय' एवढं ऐकलं की अख्ख्या शाखेच्या कपाळाला आठ्या. विधानसभेच्या प्रश्नाचा साचा पाठ असायचा. 'हे खरे आहे काय?' 'असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली?' 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' आणि उत्तरांचाही साचा. 'हे खरे नाही.' 'अंशतः खरे आहे.' 'प्रश्न उद्भवत नाही.' हसा खुशाल. पण 'अंशतः खरे आहे' लिहिण्याआधी किती अंश खरे, हे जिल्ह्याला विचारावंच लागायचं. मग जिल्हा तालुक्याला विचारणार, तालुका त्या गावच्या माणसाला. सहा-सहा महिने न हललेली फाईल एका रात्रीत सापडायची. अधिवेशनात रजा बंद. तारांकित असेल तर उत्तराबरोबर मंत्र्यांसाठी पूरक टिपणीही करायची, कारण पुरवणीत काय येईल याचा नेम नसे. त्या टिपणीत आम्ही जे लिहायचो, ते एरवी आमच्या साहेबांनाही ठाऊक नसायचं.

आता कबुली. प्रश्न निघून गेला की फाईल परत झोपायची, हेही मी याच डोळ्यांनी पाहिलंय.

सिंहगडरोडकर:
म्हणजे माझंच म्हणणं तुम्ही सिद्ध केलंत. एका रात्रीपुरती जाग.

कॅम्पवासी:
सिंहगडरोडकर, तुमचं पाणी दिल्लीत नसेल ठरत. आमचं गटार ठरतं. चेष्टा नाही.

पुणे, खडकी आणि देहूरोड ही तिन्ही कॅन्टोन्मेंट संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत. दिवाबत्ती, कचरा, दवाखाना सगळं बोर्डाकडे, आणि बोर्डाचा कायदा, 2006 चा, संसदेचा. निवडून आलेल्या सदस्यांची मुदत 2021 मध्ये संपली. 2023 मध्ये निवडणूक जाहीर झाली आणि मतदानाआधीच रद्द झाली. आमच्यासाठी नगरसेवक म्हणजे नावापुरती आठवण. आमच्या गल्लीचं कोणी विचारायचंच झालं तर खासदारानं संरक्षणमंत्र्यांना विचारायचं. रणगाडे आणि आमचं ड्रेनेज एकाच खात्यात! त्यामुळे 230 लेखी उत्तरांमधलं एखादं कॅन्टोन्मेंटवरचं असेल तर ते आमच्याकडे घरोघरी फिरतं.

अर्जदार_अपीलकर्ती:
माहिती अधिकाराचा देशातला पहिला अर्ज ऑक्टोबर 2005 मध्ये पुण्यातच दाखल झाला, त्यामुळे या शहरात बसून 'खासदार विचारेल' म्हणणं मला जरा लाजिरवाणं वाटतं. आपण विचारायचं की! शिवाय 2015 पासून राज्यात लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली. चुकली की आधी खात्यातच दोन अपिलं, मग तिसरं आयोगाकडे. जबाबदार अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. एका कार्यालयानं (नाव घेत नाही, तिथं अजून दोन कामं आहेत) माझा दाखला मुदत उलटून पाच आठवडे अडवला होता. पहिलं अपील टाकलं, चौथ्या दिवशी फोन आला, 'मॅडम, घेऊन जा'. त्यात ना खासदार, ना आमदार.

पर्वतीपायथा:
ताई, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून बरं चाललंय. पण दाखला तुमचा एकटीचा होता. तसेच किती जणांचे अडकले आणि का, हे अपिलात कळत नाही.

आणि माहिती अधिकाराबद्दल एक दुखरी गोष्ट. खासगी माहिती नाकारण्याच्या कलम 8(1)(j) मध्ये एक वाक्य होतं. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कुणाही व्यक्तीला नाकारता येणार नाही. म्हणजे त्या बाबतीत तुम्ही आणि खासदार एकाच पायरीवर. 2023 च्या डिजिटल डेटा संरक्षण कायद्यानं ते कलमच बदललं, त्यात हे वाक्य गेलं. मग आता जी दारं तुम्हाला बंद होतील, त्यांच्या आत डोकवायला सभागृहाचाच प्रश्न उरतो ना?

अर्जदार_अपीलकर्ती:
वाक्य गेलं ते माहीत आहे. आम्ही त्याविरुद्ध निवेदनं देऊन थकलो. जनहित मोठं असेल तर माहिती द्यायला लावणारं कलम 8(2) अजून शिल्लक आहे, पण त्यात तोल कुठं झुकवायचा हे अधिकारी ठरवणार. एवढ्यापुरतं तुमचं मान्य. पण खासदारानं विचारलंच नाही तर? त्याच्यावर कुठलं अपील करू?

पर्वतीपायथा:
त्याला उत्तर नाही माझ्याकडे. पण विचारलं तर मात्र त्याला दात असतात. मंत्री सभागृहात 'माहिती गोळा करून पटलावर ठेवू' किंवा 'तपासून पाहू' म्हणाला की ते आश्वासन धरलं जातं. तीन महिन्यांत पुरं करायचं, आणि नाही केलं तर आश्वासन समिती मागे लागते. फायलीत हरवलेले साहेब, झोपलेल्या फायलीला गदागदा हलवणारी हीच समिती. 1957 मध्ये एलआयसीच्या पैशांवरून फिरोज गांधींनी लोकसभेत विचारलं, तेही सत्ताधारी बाकांवरून. चौकशीला छागला आयोग बसला आणि 1958 मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारींना जावं लागलं.

आणि पुण्यात राहून गोखल्यांना कसं विसरता? इंग्रजांच्या काळातल्या कायदेमंडळात 1892 च्या कायद्यानं प्रश्न विचारता येऊ लागले, पण पुरवणी नाही. ती 1909 मध्ये मिळाली. मत देऊन काही बदलता येत नव्हतं, तरी गोखले 1902 मध्ये अर्थसंकल्पावर बोलताना मिठाच्या करावर तुटून पडले. पुढच्या वर्षी कर मणाला अडीच रुपयांवरून दोनवर आला.

सिंहगडरोडकर:
गोखले काढलेच आहेत तर पुरते काढा. 1911 मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं. पुढच्या वर्षी 13 विरुद्ध 38 नं पडलं. शिक्षण हक्क कायदा लागू झाला 2010 मध्ये. म्हणजे मागितल्यापासून 99 वर्षं. तोपर्यंत तुमच्या गुडघ्याची वॉरंटी संपेल.

फायलीत_हरवलेला:
वॉरंटीबाबत माहिती संकलित करण्यात येत आहे.

कॅम्पवासी:
पर्वतीपायथा काका, त्या दिवशीच्या उत्तरांत कॅन्टोन्मेंटचं काही दिसलं होतं का? प्रश्न क्रमांक मिळाला तरी चालेल, सोसायटीच्या सूचनाफलकावर लावतो.

पर्वतीपायथा:
त्या दिवशी संरक्षण खात्याची पाळी नव्हती. खात्यांचे वार ठरलेले असतात. त्या वाराला परत बसतो आणि कळवतो.

तिरकस_नारायणपेठ:
काका परत दिवसभर टीव्हीसमोर बसणार, हे खरे आहे काय? असल्यास, लसूण सोलण्याबाबत कोणती कार्यवाही करण्यात येत आहे?

पर्वतीपायथा:
अंशतः खरे आहे. रिमोट अजून परत मिळालेला नाही.