‘साशंक’ की ‘नाकारणारा’?

प्रश्न (निपाणी) : परदेशी राजकारणाच्या बातम्यांत ‘हवामान बदलाबाबत साशंक नेते’ असं सारखं वाचायला मिळतं. इंग्रजीतल्या ‘स्केप्टिक’साठी हा शब्द योग्य आहे का? आणि ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ला ‘पुराणमतवादी’ म्हणावं की ‘हुजूर’? जाणकारांनी सांगावं.

उत्तर (येळ्ळूर) : ‘साशंक’ शब्द चांगला आहे, म्हणूनच तो तिथे वापरू नये. मराठीत शंका फिटते, तिचं निरसन होतं. न्यायशास्त्राने, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राने, सोळा पदार्थांत (विचाराच्या विषयांत) संशयाला जागा दिली आणि निर्णयालाही दिली. संशयाची वाट निर्णयाकडे जाते.

आमचे सासरे बासमतीचं बी घेतात तेव्हा दुकानदाराच्या शब्दावर जात नाहीत. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतात आणि पडवीत ठेवतात. “मामा, काय करुलालासा?” म्हटलं की म्हणतात, “उगवण बघतो.” चार-पाच दिवसांनी पोतं उलगडून कोंब मोजतात. नव्वद आले, शंका फिटली, बी रानात. याला साशंक म्हणायचं. पोतं उलगडायलाच तयार नसलेल्या माणसाला तोच शब्द कसा द्यायचा?

२६ फेब्रुवारी २०१५ रोजी अमेरिकेच्या सिनेटमध्ये रिपब्लिकन सदस्य जेम्स इनहोफ यांनी बाहेरच्या बर्फाचा गोळा आणून दाखवला, बघा किती थंडी आहे म्हणून. तापमानवाढ हे थोतांड आहे असं ते कितीतरी वर्षं म्हणत होते. ही शंका नव्हे, नकार आहे. त्याच वर्षी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने अशा लोकांसाठी ‘स्केप्टिक’ शब्द टाळायचं ठरवलं आणि २०१९ मध्ये ‘गार्डियन’नेही ‘नाकारणारे’ अशा अर्थाचा शब्द धरला. आपल्या उपसंपादकांनीही सरळ ‘हवामान विज्ञान नाकारणारे’ लिहावं. दोन शब्द जास्त लागतील, लागू देत.

‘हुजूर पक्ष’ फक्त ब्रिटनचा, समोर ‘मजूर पक्ष’ आहे म्हणून तो शोभतो. पण पुराणमतवादी म्हणजे नाकारणारा, हे समीकरण मांडू नका. हुजूर पक्षाच्या मार्गारेट थॅचर यांनीच ८ नोव्हेंबर १९८९ रोजी संयुक्त राष्ट्रांत या संकटावर भाषण केलं होतं.

उत्तर (खानापूर) : ताई, पटलं. पण तो बर्फाचा गोळा मराठीत जास्त खपतो, कारण आपण आजच्या ‘वेदर’लाही हवामान म्हणतो आणि वर्षानुवर्षांच्या ‘क्लायमेट’लाही. पेपरात ‘आजचे हवामान’ आणि त्याच पानावर ‘हवामान बदल’. कन्नडमध्येही हाच शब्द, हाच घोळ. बोलीत मात्र फरक आहे. ‘बेळगावची हवा मानवली’ म्हणतो तेव्हा आपण वर्षानुवर्षांच्या स्वभावाबद्दल बोलतो. आजच्यासाठी ‘पाऊस काय म्हणतोय?’

‘तापमानवाढ’ शब्द मागे पडण्यामागे राजकारणही आहे. रिपब्लिकन पक्षाचे सल्लागार फ्रँक लुंट्झ यांनी राष्ट्राध्यक्ष धाकट्या बुश यांच्या काळात लेखी सल्ला दिला होता की ‘ग्लोबल वॉर्मिंग’पेक्षा ‘क्लायमेट चेंज’ म्हणा, ते कमी भीतिदायक वाटतं. शास्त्रज्ञ दोन्ही शब्द आधीपासून वापरत होते, त्यामुळे ‘हवामान बदल’ चुकीचा नाही. पण जिथे वाढच सांगायची आहे तिथे ‘वाढ’ लिहावं. ‘बदल’ दोन्ही बाजूंना होतो.

येळ्ळूर : हो, ‘वाढ’ हवीच. बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात चढलं की आमच्याकडे कुणी ‘पाण्यात बदल झाला’ म्हणत नाही. ‘पाणी वाढलं’ म्हणतात आणि मोटर काढायला पळतात.