नॉनस्टिक सोडून एकात एक बसणारी स्टीलची भांडी: अनुभव लिहा

नॉनस्टिक काढून टाकून उतरंडीसारखी एकात एक बसणारी स्टीलची भांडी वापरणाऱ्यांनी इथे लिहावं. कौतुक नको, मापं हवीत: किती सेंटिमीटर, किती जाड, आच किती, चिकटलं तर का चिकटलं. घरचे किस्से टाळले तर बरं. वाचणाऱ्याला उद्या शेगडीसमोर उभं राहून वापरता येईल एवढंच.

सुरुवात मीच करतो. नॉनस्टिक टाकायचं कधी? तळ खरवडला गेला, राखाडी धातू दिसू लागला किंवा थर पापुद्र्यासारखा सुटू लागला की लगेच. पोटात गेलेला कण विरघळत नाही, तसाच बाहेर पडतो, त्यामुळे त्याची धास्ती घेऊ नये. धोका आचेचा आहे. तो थर म्हणजे पीटीएफई, बोलीत टेफ्लॉन. साधारण 260 अंश सेल्सिअसच्या वर तो खराब व्हायला लागतो आणि 350 च्या आसपास त्याचं विघटन होऊन धूर निघतो. पिंजऱ्यातले पक्षी या धुराने मरतात, माणसाला फ्लूसारखा ताप येतो. रिकामा पॅन मोठ्या आचेवर ठेवला तर काही मिनिटांत इथवर पोचतो. पीएफओए हे वेगळं रसायन, तो थर बनवताना वापरलं जायचं. मोठ्या उत्पादकांनी ते 2015 पर्यंत बंद केलं. दोन्हींची गल्लत करून घाबरण्यात अर्थ नाही, पण ज्यांच्या स्वयंपाकात मोठी आच रोज लागते त्यांच्यासाठी नॉनस्टिक हे मुळात चुकीचं भांडं होतं.

०००

खरेदीआधी जाडी बघा. स्टील उष्णतेचं मठ्ठ वाहक आहे: स्टेनलेसची उष्णता-वाहकता 15-16 च्या घरात, ॲल्युमिनियमची 200 च्या वर. म्हणून नुसत्या पातळ स्टीलच्या तळावर ज्वाळा जिथे लागते तिथेच करपतं आणि बोटभर बाजूला कच्चं राहतं. उपाय दोन. एक, ट्रायप्लाय: आत-बाहेर स्टील, मध्ये ॲल्युमिनियम, आणि हा थर काठापर्यंत गेलेला. एकूण जाडी निदान अडीच मिलिमीटर हवी. दुसरा, फक्त तळाला चिकटवलेली जाड चकती, जिला सँडविच बॉटम म्हणतात. पाणी उकळणं, भात, सूप यांना चकती पुरते. परतण्यासाठी ट्रायप्लायच. चकतीवाल्या भांड्याखाली ज्वाळा चकतीच्या बाहेर आली की तळापासून दोन-तीन सेंटिमीटर वर भिंतीला काळी गोल रेघ उमटते. ती रेघ म्हणजे आच कमी करा असा निरोप.

18/8, 18/10 हे आकडे क्रोमियम आणि निकेलचे टक्के. 18/0 मध्ये निकेल जवळजवळ नसतं, त्याला चुंबक चिकटतं, म्हणून इंडक्शनसाठी बाहेरचा थर बहुधा याचाच असतो. चुंबक आतून लावून "हे हलकं स्टील" असा निकाल देणाऱ्यांना एक सांगणं: बाहेरचा थर दोन-अडीच मिलिमीटरवरून चुंबकाला ओढतोच. त्या चाचणीतून आतल्या थराविषयी काहीही कळत नाही.

०००

एकात एक बसणं म्हणजे काय हे दुकानात नीट विचारा. तीन वेगळ्या गोष्टी या एकाच नावाने विकल्या जातात.

पहिली: कायमच्या कड्यांची भांडी, 18, 20, 22 सेंटिमीटर अशी. आतल्या भांड्याच्या कड्या बाहेरच्याच्या काठावर टेकतात. कडी काठापासून दोन सेंटिमीटर खाली जडवलेली असेल तर प्रत्येक भांडं दोन सेंटिमीटर वर राहतं. म्हणजे 12 सेंटिमीटर उंच पातेल्यात दोन भांडी बसवली की चळत 16 ची. कडी पाच सेंटिमीटर खाली असेल तर तीच चळत 22 ची होते आणि वाचलेली जागा गेली. दुकानात टेप घेऊन कडी ते काठ हे अंतर मोजा. सगळ्या संचात हे एकच माप सगळ्यात महत्त्वाचं.

दुसरी: दांडा काढता येणारी भांडी. ही खरी पूर्ण आत जातात.

तिसरी: भांडी तशीच, फक्त झाकणं सपाट. यात जागा वाचते ती झाकणांची.

०००

काढता येणाऱ्या दांड्याबद्दल. तत्त्व सांडशीचंच, फक्त कुलूप लावलेलं. दांड्याचा जबडा काठाची ठरावीक जाडी धरायला बनवलेला असतो, त्यामुळे एका संचाचा दांडा दुसऱ्याला "बसतो" असं वाटलं तरी लावू नये. बसवल्यावर भांडं रिकामं असताना मनगट डावी-उजवीकडे वळवून पाहा. जराही खेळ जाणवला तर भरलेलं भांडं उचलायचं नाही. घसरण्याचं कारण बहुतेक वेळा कमान ढिली होणं नसतं, काठावरचं तेल असतं. जबड्याच्या आतल्या रबरी पट्टीवर तेलाचा पातळ थर बसतो, धुताना तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. जुना दातघासणीचा ब्रश आणि गरम साबणपाणी, आठवड्यातून एकदा.

गरम तेलाचं भांडं या दांड्यावर हलवू नये, हवेत उडवून परतू नये. भांडं शेगडीवर असताना दांडा काढून ठेवावा: 16 सेंटिमीटरचं हलकं रिकामं पातेलं दांड्याच्या वजनानेच कलंडतं. संचात एकच दांडा येतो, दुसरा लगेच घ्या. दोन भांडी एकदम उतू जायला आली की एका दांड्याचा अर्थ कळतो.

०००

आता मूळ दुखणं, चिकटणं. सगळे "पॅन गरम करा" म्हणतात, पण किती ते सांगत नाहीत.

मध्यम आच. पॅन रिकामा, कोरडा. ट्रायप्लायला दोन ते तीन मिनिटं. मग पाणी: चमचाभर नव्हे, बोटाच्या टोकावरचा थेंब टाका. तो पसरून चर्र करत आटला तर पॅन थंड आहे. तुटून तीन-चार बारीक थेंब होऊन सैरावैरा पळाले तर जवळ आलात. एकच गोळी बनून पाऱ्यासारखी तरंगत फिरली तर तळ 190-200 अंशांच्या आसपास आहे. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते, तिच्यावर तो तरंगतो. याला लायडनफ्रॉस्ट परिणाम म्हणतात, 1756 मध्ये त्यावर लिहिणाऱ्या जर्मन वैद्याच्या नावावरून.

इथे बहुतेकांची चूक होते. थेंब तरंगला की लगेच तेल आणि लगेच अंडं. अंड्याला हा ताप जास्त आहे. थेंब पुसून घ्या, आच मंद करा, अर्धा मिनिट थांबा, मग दोन चहाचे चमचे तेल. पॅन तिरका करून तेल फिरवा, त्यात बारीक लाटा दिसल्या की अंडं. तेलातून धूर आला तर जास्त तापलंय, बाजूला काढा. लोणी वापरायचं तर आच आणखी कमी, कारण त्यातला दुधाचा अंश लवकर करपतो.

अंडं टाकल्यावर हात मागे. कडा पांढऱ्या होऊन किंचित वर उचलल्या जाईपर्यंत, म्हणजे 45 ते 60 सेकंद, उलथनं घालायचं नाही. कच्चं प्रथिन धातूला धरतं. ते शिजून तळाशी तांबूस पापुद्रा बनला की पकड सुटते. घाईने खरवडणारा तो पापुद्रा फाडतो आणि मग भांड्याला शिव्या देतो.

०००

वरच्या प्रतिसादाला जोडून: फ्रिजमधून काढलेलं अंडं, ओला बटाटा, पाणी सुटणारं मांस, ही तिन्ही चिकटतात, कारण पाणी तळाला एकदम थंड करतं. कापडाने टिपा, दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवा. आणि पॅन भरू नका. तुकड्यांमध्ये बोटभर जागा नसेल तर परतलं जात नाही, वाफवलं जातं.

उलथनंही बदलावं लागतं. नॉनस्टिकचं जाड लाकडी किंवा सिलिकॉनचं उलथनं पापुद्र्याच्या खाली शिरत नाही. पातळ धारेचा स्टीलचा कालथा हवा. चरे पडतील, पडू देत.

०००

मी इथे थोडा विरोधी सूर लावतो. दोन-तीन आठवडे रोज अंडी फाटणार असतील तर घरात एक लहान नॉनस्टिक पॅन फक्त अंड्यासाठी, फक्त मंद आचेसाठी ठेवण्यात काही पाप नाही. मात्र तो उतरंडीत घालू नका. स्टीलचा काठ त्या थरावर एका आठवड्यात गोल चरा पाडतो. घालायचाच तर मध्ये जाड कापड. आणि सिरॅमिक नॉनस्टिकला "कायमचा उपाय" समजू नये, त्याचा निसरडेपणा पीटीएफईपेक्षा लवकर जातो.

वजनाचाही कुणी उल्लेख केला नाही. 24 सेंटिमीटरचा ट्रायप्लाय पॅन दांड्यासकट एक ते सव्वा किलो. मनगट दुखणाऱ्याने समोरच्या बाजूला दुसरी छोटी कडी असलेला घ्यावा. चळतीतलं सगळ्यात खालचं भांडं काढायला वरची सगळी उचलावी लागतात, म्हणजे तीन-साडेतीन किलो. चळत खांद्याच्या वरच्या फळीवर नको. रोजचं भांडं चळतीत ठेवूच नका, ते शेगडीजवळ बाहेर राहू द्या.

०००

दूध: थंड भांडं आधी थंड पाण्याने विसळा, न पुसता दूध ओता, आच मंद ते मध्यम, आणि तळाला टेकवून अधूनमधून ढवळा. दुधातली प्रथिनं तळाशी बसून जळतात, विसळल्याने थोडी मदत होते, ढवळल्याने जास्त.

भात: तळ धरला तर ओरबाडू नका. गॅस बंद, झाकण बंद, दहा मिनिटं. वाफेने थर आपोआप ओलसर होऊन सुटतो.

परतल्यावर तळाशी तपकिरी खरड राहिली तर पॅन गरम असतानाच पाव कप गरम पाणी घालून कालथ्याने ओढा. निम्मी धुणावळ तिथेच होते आणि रश्श्याला चवही येते.

आणखी एक सवय: जाड स्टील आच बंद केल्यावरही शिजवत राहतं. नॉनस्टिकपेक्षा एक-दोन मिनिटं आधी बंद करा.

०००

डागांसाठी. पांढरे ठिपके पाण्यातल्या कॅल्शियमचे: एक भाग व्हिनेगर, तीन भाग पाणी, उकळी आणून ओतून द्या. निळी-सोनेरी इंद्रधनुषी छटा तापल्याने जाड झालेल्या ऑक्साइडच्या थराची, निरुपद्रवी, व्हिनेगरच्या बोळ्याने जाते. चिकट तपकिरी थर जळून घट्ट झालेल्या तेलाचा: एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा, दहा मिनिटं उकळा, मग घासा. तरीही उरलं तर सोड्याची ओली पेस्ट रात्रभर. ब्लीच कधीही नाही, क्लोरीन स्टीलला खातं. साध्या लोखंडी घासणीचे तुकडे तळात अडकून गंजतात आणि लोक म्हणतात भांडं गंजलं.

तळाला सुईच्या टोकाएवढे खड्डे पडले असतील तर ते मिठाचे. थंड पाण्यात मीठ टाकलं की खडे न विरघळता तळाशी बसतात आणि तिथलं क्लोराइड क्रोमियमचा संरक्षक थर फोडतं. पाणी उकळल्यावर मीठ घाला आणि ढवळा. हे खड्डे कशानेही जात नाहीत.

डिशवॉशरवाल्यांसाठी: ट्रायप्लायच्या काठावर मधली ॲल्युमिनियमची रेघ उघडी दिसत असेल तर डिशवॉशरची अल्कली तिला खाते. काही महिन्यांत दोन स्टीलचे थर धारदार उरतात आणि पुसताना बोट कापतं. काठ बंद केलेलं भांडं घ्या, नाहीतर हाताने धुवा.

०००

तळ वाकण्याबद्दल. तापलेल्या पॅनवर थंड पाणी, हे पहिलं कारण. पाच-दहा मिनिटं निवू द्या, मग कोमट पाणी. दुसरं कारण इंडक्शनचं पूर्ण पॉवरचं बटण रिकाम्या पॅनखाली दाबणं. मधोमध तापून फुगतो, कडा थंड राहतात. नऊपैकी चार-पाचवर सुरू करा. कॉइल पॅनपेक्षा बरीच लहान असेल तर हीच गत हळूहळू होते.

०००

दोन भांडी एकात एक घट्ट अडकली तर ठोकू नका. आतल्यात बर्फाचं पाणी भरा, बाहेरचं गरम पाण्याच्या टबात अर्धा मिनिट धरा, मग पिळून ओढा. 304 स्टील (म्हणजे वर आलेलं 18/8) अंशाला मीटरमागे सुमारे 17 मायक्रोमीटर प्रसरण पावतं. 20 सेंटिमीटरच्या भांड्यात 60 अंशांचा फरक पाडला की व्यासात 0.2 मिलिमीटर मोकळं होतं, तेवढं पुरतं.

अडकतात का? ओली रचली म्हणून. पाण्याचा पातळ थर हवा आत येऊ देत नाही, भांडी एकमेकांना चोखून धरतात. त्याच ओलाव्यात मिठाचा अंश असेल तर आठवड्याने तिथे डाग. पुसून, दहा मिनिटं उपडी ठेवून मगच रचा, आणि दर दोन भांड्यांमध्ये पातळ सुती रुमाल.

झाकणाचंही तेच. गॅस बंद केल्यावर झाकण तसंच राहिलं की आतली वाफ थंड होऊन ते चिकटतं. पुन्हा एक मिनिट मंद आच द्या, सुटेल. काचेचं असेल तर सुरी घालून उचकटू नका, काठाला टवका गेला की ते पुढच्या वेळी तडकतं.