जर्मनीच्या रूर भागातील जुन्या कोळसा खाणी व संग्रहालये: काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने?

एकलहरेकर:
नमस्कार. मी एकलहरे औष्णिक वीज केंद्राच्या बॉयलर विभागातून निवृत्त झालो असून सध्या नाशिकरोडला राहतो. नोकरीची सगळी वर्षे कोळशाच्या संगतीत गेली. टिपलरवर रिकाम्या होणाऱ्या वॅगन, पट्ट्यावरून बंकरकडे चढणारा कोळसा, पावसाळ्यात ओला होऊन जागोजागी चिकटणारा आणि पाळीवरच्या सगळ्यांची झोप उडवणारा कोळसा, हे सारे जवळून पाहिले. परंतु तो जिथून निघतो ती खाण पाहण्याचा योग कधी आला नाही. आमची मुलगी डॉर्टमुंडला नोकरी करते आणि मे महिन्यात आम्ही उभयता तिच्याकडे जाणार आहोत. रूरमधील दगडी कोळशाची शेवटची खाण, म्हणजे बॉट्रोपची प्रॉस्पर-हानिएल, डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली आणि त्याआधीच बंद पडलेल्या कित्येक खाणी व भट्ट्या तेथील लोकांनी संग्रहालये म्हणून राखल्या आहेत, असे वाचनात आले. त्या सगळ्यांना जोडणारा वारसा मार्ग सुमारे ४०० किलोमीटरचा आहे. तो पुरा करणे आम्हाला शक्य नाही. मला छायाचित्रांपेक्षा ती यंत्रणा चालत कशी असे हे समजून घेण्यात रस आहे. सौ.ला गुडघ्यांचा त्रास आहे, हेही लक्षात घ्यावे. काय पाहावे, काय सोडावे, आणि खाणीत प्रत्यक्ष उतरता येते का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

गंगापूर रोड:
नमस्कार साहेब. कामानिमित्त काही वर्षे एसेनला होतो, त्या अनुभवावरून लिहितो. माझा आग्रह एकच आहे: प्रवासी माहितीपत्रकातल्या क्रमाने न जाता, कोळसा ज्या वाटेने पुढे जात असे त्या वाटेने जा. म्हणजे आधी खाण, मग धुलाई, मग कोक (हवा न लागू देता कोळसा तापवून केलेले भट्टीचे इंधन) आणि शेवटी लोखंडाची भट्टी. या क्रमाने पाहिले की प्रत्येक यंत्र तिथे का आहे हे आपोआप उलगडत जाते.

सुरुवात डॉर्टमुंडच्याच पश्चिम टोकाच्या त्सोलर्न खाणीपासून करावी. तिचे यंत्रगृह विसाव्या शतकाच्या आरंभीचे असून पोलाद, वीट आणि रंगीत काच यांनी सजलेले त्याचे दार एखाद्या राजवाड्याला शोभावे असे आहे. १९६९ मध्ये ते पाडण्याचे ठरले होते. जाणत्या लोकांनी आवाज उठवल्यामुळे ते वाचले, आणि जर्मनीत कारखान्याची इमारतही वारसा ठरू शकते हा विचार तिथून रुजला. आपण वीज केंद्रातले असल्यामुळे आत गेल्यावर थेट नियंत्रण फलकापाशी जा. तो अखंड संगमरवरी पाट्यांचा आहे आणि त्यावर पितळी कडांची मापकयंत्रे बसवलेली आहेत. माणसे व कोळसा ने-आण करणारा खाणीतला पाळणा वरखाली ओढणारे यंत्र विजेवर चालवण्याचा प्रयोग ज्या मोजक्या ठिकाणी सर्वांत आधी झाला, त्यांपैकी हे एक.

खाणीत उतरण्याविषयी: बोखुमच्या खाणकाम संग्रहालयाच्या पोटात सुमारे अडीच किलोमीटरचे बोगदे आहेत. ही मूळची खाण नसून दाखवण्यासाठी व शिकवण्यासाठी मुद्दाम खणलेली आहे आणि जमिनीखाली जेमतेम वीसेक मीटरवर आहे, तर खऱ्या खाणी शेवटी १००० मीटरच्याही खाली गेल्या होत्या. तरीही ती अजिबात चुकवू नये, कारण कोळशाचा थर कापणारी अवजड यंत्रे, छताला आधार देणारे हायड्रॉलिक टेकू आणि वाहून नेणारे पट्टे तिथे एकाच ठिकाणी, हात लावता येईल इतक्या जवळून दिसतात.

यापुढचा टप्पा एसेनच्या त्सोलफराइनचा, आणि त्याला पूर्ण दिवस द्यावा. ही खाण १८४७ पासूनची. आज जो ५५ मीटर उंचीचा मनोरा सगळीकडे छापला जातो तो १२ क्रमांकाच्या कूपाचा (खाणीत सरळ खाली जाणाऱ्या विवराचा), आणि तो कूप १९३२ मध्ये सुरू झाला. फ्रिट्झ शुप आणि मार्टिन क्रेमर या वास्तुविशारदांनी तो आखला आणि दिवसाला १२,००० टन कोळसा तिथून वर येत असे. १९८६ मध्ये खाण बंद झाली, २००१ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. रूर संग्रहालय तिथल्या जुन्या कोळसा धुलाई केंद्रात आहे. कच्चा माल सर्वांत वर नेऊन पाण्यात हिंदकळवायचा, हलका कोळसा वर तरंगू द्यायचा आणि जड दगड खाली बसू द्यायचा, असे तिथले काम. राखेने भरलेला कोळसा आयुष्यभर जाळलेल्या माणसाला त्या टाक्यांपाशी बराच वेळ थांबावेसे वाटेल. प्रेक्षकही कोळशाप्रमाणेच आधी नारिंगी उजेडाच्या लांब सरकत्या जिन्याने २४ मीटरवर जातात आणि मग एकेक मजला खाली उतरतात. जवळच १९९३ पर्यंत चाललेला कोकचा कारखाना आहे. त्याच्या ३०४ भट्ट्या एका ओळीत उभ्या पाहिल्या की हवा न लागू देता कोळसा तापवणे हा केवढा व्याप होता ते कळते.

शेवटी ड्यूसबुर्गचा भट्टी उद्यान परिसर. १९८५ मध्ये बंद झालेला लोहकारखाना न पाडता त्याचे उद्यान केले. प्रवेश विनामूल्य आहे आणि पाचव्या क्रमांकाच्या झोतभट्टीवर जिन्याने चढता येते.

देवळाली कॅम्प:
वरील माहिती उत्तम आहे; फक्त या क्रमात माणसे आणि पाणी सुटले आहे, म्हणून लिहिते. काका, आपण वीज केंद्राच्या वसाहतीत राहिला असाल तर ओबरहाउझेनची आयझेनहाइम वसाहत अवश्य पाहा. १८४६ मध्ये सुरू झालेली ही त्या भागातील सर्वांत जुनी कामगार वसाहत असून १९७० च्या दशकात ती पाडण्याचा घाट घातला गेला तेव्हा रहिवाशांनी चिवटपणे लढा देऊन ती राखली. आजही लोक तिथे राहतात. त्यामुळे अंगणात डोकावताना, फोटो काढताना भान ठेवावे.

दुसरी गोष्ट एम्शर नदीची. कोळसा काढून खाली पोकळी झाल्यामुळे जमीन खचत राहिली, काही ठिकाणी २० मीटरपेक्षाही जास्त. जमिनीखालची गटारे फुटणार हे उघड असल्यामुळे शंभराहून अधिक वर्षे सगळे सांडपाणी सिमेंटच्या पात्रात बांधलेल्या या नदीतूनच उघड्यावर वाहत होते. खाणी थांबल्या, जमीन स्थिरावली, तेव्हा कुठे भूमिगत वाहिन्या टाकता आल्या आणि २०२१ च्या अखेरीस नदी सांडपाण्यातून मुक्त झाली. खचलेल्या भागात पाणी साचू नये म्हणून पंप मात्र आजही अहोरात्र चालतात आणि ते कधीच बंद करता येणार नाहीत. गोदावरीच्या काठी राहणाऱ्या आपणा सर्वांना हा भाग यंत्रांइतकाच महत्त्वाचा वाटावा. डॉर्टमुंडमधल्या फिनिक्स तलावावर मुलीसोबत एक संध्याकाळ फिरून या. तिथे पूर्वी पोलादाचा कारखाना होता. २००१ मध्ये तो बंद पडल्यावर त्याचे सुटे भाग करून चीनला नेले, जागा खणून तलाव केला, आणि शेजारून आता स्वच्छ एम्शर वाहते.

एकलहरेकर:
दोघांचेही मनापासून आभार. वसाहतीचा विचार मनात आलाच नव्हता. आमची उमेदीची वर्षे वसाहतीतच गेली, त्यामुळे सौ.लाही ती जागा यंत्रांपेक्षा जवळची वाटेल. गुडघ्यांच्या दृष्टीने यातले काय जमेल, एवढे सांगावे.

इंदिरानगर:
आईला घेऊन यातल्या बहुतेक ठिकाणी गेलो आहे. रूर संग्रहालय आणि बोखुमचे संग्रहालय, दोन्हीकडे लिफ्ट आहे. बोखुमला भुयारी मार्ग थंड असतात, म्हणून स्वेटर हवाच. ड्यूसबुर्गची झोतभट्टी काकांनी एकट्याने चढावी. काकूंना खालचे सपाट रस्ते पुरेसे आहेत. तिथली रोषणाई शनिवार-रविवारी पाहायची असेल तर मे महिन्यात अंधार पडायला रात्रीचे साडेनऊ होतात, हे धरून परतीची गाडी ठरवा. एसेन स्थानकावरून १०७ क्रमांकाची ट्राम त्सोलफराइनच्या दाराशी सोडते, बोखुमला यू ३५ ही भुयारी गाडी आणि ड्यूसबुर्गला ९०३ क्रमांकाची ट्राम. मोटारीची गरज नाही. त्सोलफराइनच्या आतल्या यंत्रणेची फेरी मार्गदर्शकासोबतच करता येते आणि इंग्रजी फेऱ्या कमी असल्याने आरक्षण मुलीला आताच करायला सांगा. त्सोलर्न आणि बोखुम सोमवारी बंद असतात, रूर संग्रहालय उघडे असते, तेव्हा सोमवार एसेनसाठी राखून ठेवा.