सुटकेचा आनंद

पडद्यावरची मारामारी आणि थरार बघायला आपल्याला का आवडतं? मारामारी बघितली की आतला राग निचरून जातो म्हणून, हा मुद्दा मला तितकासा पटत नाही. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात चिडलेल्या लोकांना पंचिंग बॅग बडवायला दिली होती. ज्याच्यावर राग होता त्याला डोळ्यांसमोर आणून ठोसे मारणारे उलट जास्तच चिडले. (बघणं आणि बडवणं एक नव्हे, मान्य.)

त्यापेक्षा माध्यमांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ डॉल्फ झिलमन यांचं म्हणणं जवळचं वाटतं. धोका दिसला की छाती धडधडते, तळव्यांना घाम सुटतो. प्रसंग संपला तरी शरीरातली ती खळबळ लगेच ओसरत नाही. तेवढ्यात नायक वाचला, की उरलेली खळबळ सुटकेच्या आनंदात मिसळते आणि तो आनंद आहे त्याहून मोठा वाटतो.

अर्थात आपण स्वतः सुरक्षित आहोत हे पक्कं ठाऊक असेल तरच. भयपट बघताना मी उशी तोंडावर ओढतो, पण कडेने एक डोळा उघडाच असतो. त्याच रात्री बातम्यांत खऱ्या अपघाताचं फुटेज लागलं, की मात्र हात रिमोट शोधायला लागतो.