सिल्लेवानी घाट उतरताना जपा

भाऊ, नागपूर ते छिंदवाडा सायकलने दोन दिवसांत जमेल का, असं तुम्ही विचारलंय. जमेल, पण मुक्काम सौंसरलाच करा. एकूण अंतर साधारण १२५ किलोमीटर. सावनेर, केळवदपर्यंत रस्ता सोपा आहे. पुढे मध्य प्रदेशची हद्द लागते, तरी सौंसरच्या टपरीवर चहा मराठीतच मागायचा, हे मला फार आवडतं. दोन्हीकडे संत्र्याच्या बागा. नोव्हेंबरात गेलात तर झाडं लदबदलेली दिसतील.

खरी परीक्षा रामाकोनानंतरच्या सिल्लेवानी घाटात. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर, छिंदवाडा ६७५ च्या आसपास, आणि त्यातली बरीच चढण इथेच अंगावर येते. हलका गिअर आधीच टाका, ऐन चढावर टाकायला गेलात तर चेन उतरते. परतीच्या उतारावर मी एकदा ब्रेक सतत दाबून धरले होते. खाली येऊन रिमला बोट लावलं तर चटका बसला, रबराचा जळका वास वेगळाच. ब्रेक दाबा, सोडा, परत दाबा. वळणावर ट्रक असतात, म्हणून अंधाराआधी घाट संपवाच.