खंबाटकीत गाडी तापते. हेड उतरवण्यापूर्वी आणखी काय तपासावे?

गोडोलीकर यांचा प्रश्न

नमस्कार. मी साताऱ्यात राहतो आणि कामानिमित्त महिन्यातून दोन-तीन वेळा पुण्याला जाऊन येतो. माझी गाडी २०१४ सालची, पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक असून आतापर्यंत ९२ हजार किलोमीटर चाललेली आहे. गेल्या पाच महिन्यांत ती तीन वेळा चढावर तापली. पहिल्या दोन वेळा पुण्याहून परत येताना, शनिवारच्या गर्दीत पारगाव खंडाळ्यापासून वाहने मुंगीच्या पावलाने सरकत होती, तेव्हा खंबाटकीच्या अर्ध्या घाटात तांबडा दिवा लागला. तिसऱ्या वेळी पाहुण्यांना घेऊन कासला निघालो होतो. यवतेश्वरच्या चढावर पुढे एक बस आल्यामुळे बराच वेळ पहिल्या गिअरमध्येच काढावा लागला आणि पुन्हा तोच प्रकार घडला. गाडी बंद पडलेल्या माणसाला सल्ला देण्यासाठी थांबणाऱ्यांची आपल्याकडे उणीव नसते, त्यामुळे तिन्ही वेळा करमणूक भरपूर झाली, निदान मात्र झाले नाही.

गाडीला तापमानाचा काटा नाही. इंजिन थंड असताना निळा दिवा आणि तापल्यावर तांबडा, एवढीच सोय आहे. काटा वर चढताना दिसला असता तर माणूस वेळीच बाजूला थांबला असता. दिवा लागतो तो सगळे होऊन गेल्यावर.

आता गॅरेजचा इतिहास सांगतो. पहिल्या ठिकाणी कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, बदलले. दुसऱ्या ठिकाणी थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटची वाट उघडणारी झडप) अडकतो असे सांगून तो बदलला. तिसऱ्या ठिकाणी वॉटर पंप नवा बसवला. या सगळ्यात साडेनऊ हजार रुपये गेले. चौथ्या ठिकाणी बॉनेट उघडून दोन मिनिटे पाहिले आणि हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधले पॅकिंग) गेले आहे, हेड उतरवून फेसिंग, म्हणजे त्याचा पृष्ठभाग सपाट, करावे लागेल, २२ ते २५ हजार खर्च येईल, असे सांगितले. प्रत्येकाने आधीच्याचे काम पाहून मान हलवली, हे वेगळे सांगायला नको.

माझ्या नजरेस आलेल्या गोष्टी अशा आहेत. महामार्गावर ८०-९० च्या वेगाने शिरवळपर्यंत जाऊन आलो तर दिवा कधीच लागत नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर येत नाही. ऑइल स्वच्छ आहे. कूलंट कमी होते, पण गाडी तापून बाटलीतून उतू गेल्यावरच. एरवी पातळी तशीच राहते. रेडिएटरचा पंखा फिरतो, हे तिन्ही वेळा मी स्वतः पाहिले आहे. याशिवाय एक वेगळी तक्रार आहे, तिचा याच्याशी संबंध नसावा: राजवाड्याजवळच्या गर्दीत गाडी उभी राहिली की एसीतून गार हवा येणे थांबते आणि गाडी पळू लागली की पुन्हा येऊ लागते. त्यासाठी एसीचा गॅसही भरून झाला. फरक पडलेला नाही.

हेड उतरवण्याचा निर्णय घेण्यापूर्वी, हेड गॅस्केट खरोखर गेले आहे की नाही, याची खात्री करून घेण्याचा काही मार्ग आहे काय?

कृष्णाकाठ, वाई

आपला प्रश्न वाचून मला माझा पसरणी घाटातला प्रसंग आठवला, म्हणून लिहीत आहे. चार वर्षांपूर्वी पाचगणीला जाताना माझी गाडी अशीच तापली. मी घाईघाईने बॉनेट उघडले, फडके धरून रेडिएटरचे झाकण फिरवले आणि वाफेचा फवारा मनगटावर घेतला. एवढ्यावर शहाणपण यायला हवे होते. पण जवळच्या टपरीवरून थंड पाणी आणून ते तापलेल्या इंजिनात ओतले. ॲल्युमिनियमचे हेड एकाएकी थंड झाल्यावर वाकू शकते, हे मला नंतर समजले. तेव्हापासून गाडी सकाळी चालू करताना पांढरा धूर काढू लागली, कूलंट कुठेही न गळता कमी होऊ लागले आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर दिसू लागला. त्या वेळी हेडचे काम करावेच लागले.

आपल्याकडे यांपैकी एकही लक्षण नाही, हे चांगले आहे. तरीही तीन वेळा तापलेल्या इंजिनाचे गॅस्केट शाबूत असेलच, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. तपासून घेतलेले बरे.

पाना नंबर १४

मी एसटीच्या कार्यशाळेत ३१ वर्षे काम करून निवृत्त झालो आहे. मोठ्या गाड्यांवर हात बसलेला असला तरी इंजिन थंड ठेवण्याचे तत्त्व बसला आणि हॅचबॅकला एकच असते.

प्रथम आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर. हेड गॅस्केट गेले असेल तर सिलिंडरमधला जळालेला वायू कूलंटमध्ये शिरतो. तो पकडण्यासाठी निळ्या रंगाचे एक द्रावण मिळते. ते भरलेली नळी रेडिएटरच्या तोंडावर धरून इंजिन चालू ठेवले आणि आतून आलेल्या वायूने द्रावण पिवळे पडले, तर हेडमध्ये गळती आहे. रंग निळाच राहिला तर हेडला हात लावण्याचे कारण सहसा उरत नाही. या तपासणीला पंधरा मिनिटे लागतात. बॉनेट उघडून नुसत्या डोळ्यांनी गॅस्केट ओळखणारा माणूस मला ३१ वर्षांत भेटला नाही.

आता मला महत्त्वाचे वाटते ते सांगतो. गाडी तापते एवढे पुरत नाही, ती केव्हा तापते हे आधी पाहायचे असते. वेगात चालणाऱ्या गाडीच्या रेडिएटरला समोरचा वारा आपोआप मिळतो. तिथे पंख्याचे काम जवळजवळ नसतेच. वेगात गाडी तापत असेल तर रेडिएटर आतून चोंदला आहे का, पंप पाणी फिरवतो का, थर्मोस्टॅट पुरता उघडतो का, हे पाहावे. तुमची गाडी ९० च्या वेगाने शिरवळला जाऊन येते आणि तापत नाही, म्हणजे या तिन्ही गोष्टी बहुधा पहिल्यापासून ठीक होत्या. हळू चालताना आणि उभी असताना तापणारी गाडी एकच गोष्ट सांगत असते, ती म्हणजे रेडिएटरमधून हवा जात नाही. पंप आणि थर्मोस्टॅटवर झालेला खर्च तुम्ही दिलेल्या माहितीवरूनच टळला असता. कोणी विचारले नाही, एवढेच.

दुसरे असे की, एसीची तक्रार तुम्ही वेगळी म्हणून शेवटी लिहिली आहे. मी तीच आधी घेतली असती. एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीच्या गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, रेडिएटरच्या पुढे बसवलेला असतो आणि बऱ्याचशा छोट्या गाड्यांमध्ये दोघांना मिळून एकच पंखा असतो. गाडी उभी असताना एसी गार करत नाही आणि पळू लागली की करतो, याचा अर्थ कंडेन्सरलाही वारा मिळत नाही. दोन तक्रारी दिसत असल्या तरी दुखणे एक आहे.

पंखा फिरतो असे तुम्ही लिहिले आहे, परंतु तो केव्हा फिरतो? अनेक गाड्यांमध्ये पंख्याला दोन वेग असतात. एसी चालू करताच तो हळू फिरू लागला पाहिजे आणि इंजिन अधिक तापल्यावर जोरात. हळू वेगासाठी विजेच्या वाटेत प्रवाह कमी करणारा एक रेझिस्टर बसवलेला असतो. तो जळाला की हळू वेग नाहीसा होतो आणि पंखा अगदी शेवटच्या क्षणी, एकदम जोरात सुरू होतो. तांबडा दिवा लागल्यावर बॉनेट उघडणाऱ्याला तो फिरतानाच दिसतो, म्हणून कोणाला संशय येत नाही. घरासमोर गाडी उभी करून इंजिन थंड असताना एसी लावा आणि पंख्याकडे पाहा. हात, ओढणी, मफलर लांब ठेवा. पंखा सुरू झाल्यावर वर्तमानपत्राचा एक कागद समोरच्या जाळीवर धरा. पंखा हवा आत ओढत असेल तर कागद जाळीला चिकटून राहील. कागद दूर ढकलला गेला तर पंख्याच्या तारा उलट जोडल्या गेल्या आहेत. पंखा किंवा त्याची मोटर बदलल्यावर असे झालेले मी पाहिले आहे. कागद जेमतेम चिकटून गळून पडला तर कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत कचरा भरला आहे असे समजा. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांच्या मागे गाडी चालवणाऱ्या आपल्यासारख्यांच्या गाडीत पाचटाचा भुसा, धूळ आणि किडे तिथे जाऊन बसतात, आणि समोरून कितीही धुतले तरी ते निघत नाहीत.

घाटाविषयी एक सवयीची गोष्ट. चढावर गाडी वरच्या गिअरमध्ये गुरगुरत ओढू नये. बेल्टवरचा पंप इंजिनाच्या फेऱ्यांनुसार फिरतो. फेऱ्या कमी झाल्या की उष्णता अधिक आणि पाण्याचे फिरणे कमी, असा दुहेरी तोटा होतो. दिवा लागलाच तर एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण वेगावर ठेवावा. माणसे घामाघूम होतात, पण हीटर हा लहानसा दुसरा रेडिएटरच असतो. तेवढ्यात सुरक्षित जागा पाहून थांबावे आणि झाकणाला किमान अर्धा तास हात लावू नये.

माणदेशी

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे; फक्त कूलंट आणि झाकण यांबद्दल थोडी भर घालतो, कारण प्रश्नकर्त्यांनी कूलंट बदलले असे लिहिले असले तरी काय भरले ते लिहिलेले नाही. आमच्या माण-खटाव भागात बोअरचे पाणी जड असते. भांड्यांवर बसतो तसा पांढरा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसतो. म्हणून कूलंट घट्ट मिळत असेल तर त्यात क्षारविरहित पाणीच मिसळावे. उलट, जास्त घट्ट तेवढे चांगले असे समजून पाणी न घालता ते तसेच ओतणारेही आहेत. उष्णता वाहून नेण्याची क्षमता ग्लायकॉलपेक्षा (कूलंटमधल्या मुख्य द्रवापेक्षा) पाण्याची अधिक असल्यामुळे ही उधळपट्टी उलटच परिणाम करते. निम्मे-निम्मे प्रमाण बहुतेक ठिकाणी योग्य ठरते.

रेडिएटरचे झाकण हा दीड-दोनशे रुपयांचा भाग आहे आणि त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. त्याच्यावर ०.९ किंवा १.१ असा बारमधला (दाबाचे एकक) आकडा असतो. तेवढा दाब ते आत धरून ठेवते आणि त्यामुळे साधे पाणीसुद्धा १०० ऐवजी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. रबर कडक होऊन दाब सुटू लागला की हा सगळा फायदा जातो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवर आहे, तिथे उघड्या भांड्यातले पाणी ९५-९६ अंशांवरच उकळते. इंजिन तर नेहमीच ९० च्या आसपास चालत असते. दाब न धरणारे झाकण लावून वर जाणाऱ्याच्या हाती मग फारसे अंतर उरत नाही. कूलंट बाटलीतून उतू जाते असे आपण म्हणता, म्हणून झाकणही बदलून टाकावे, असे सुचवतो.

एक उपयुक्त गोष्ट: आपल्या गाडीला काटा नसला तरी स्टिअरिंगखाली ओबीडीचे, म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती वाचण्याचे, सॉकेट असेल. त्यात बसणारे ब्लूटूथचे छोटे यंत्र घेतल्यास इंजिनाचे तापमान मोबाइलवर अंशांत दिसते.

गोडोलीकर

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला दहा दिवस लागले, कारण एकेक गोष्ट क्रमाने करून पाहिली.

पाना नंबर १४ काका, आपण सांगितल्याप्रमाणे सकाळी थंड इंजिनावर एसी लावला. पंखा हललासुद्धा नाही. ओबीडीचे यंत्र लावून गाडी उभीच ठेवली. तापमान ९० वरून चढत १०४ वर गेले, तेव्हा पंखा एकदम विमानासारखा आवाज करत सुरू झाला. हाच आवाज मी तिन्ही वेळा ऐकला होता आणि पंखा ठीक आहे, असे समजून स्वस्थ बसलो होतो. कागद लावून पाहिला, तो क्षणभर चिकटला आणि घसरून पायाशी पडला.

त्यानंतर एका वाहन-इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्याने मीटर लावून रेझिस्टर जळाल्याचे दाखवले. बंपर काढून कंडेन्सर पुढे ओढला तेव्हा मधून जे निघाले ते पाहून मी फोटो काढून ठेवला. पाचट, माती आणि कुठल्यातरी पक्ष्याचे पीस असा सुपारीएवढ्या जाडीचा थर होता. त्याने तो मऊ ब्रशने सोडवून, इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला कमी दाबाच्या पाण्याने धुतला. जोराचा फवारा मारल्यास पाती वाकतात, असे तो म्हणाला. रेझिस्टर, झाकण आणि मजुरी मिळून १,८५० रुपये झाले. निळ्या द्रावणाची तपासणी त्याच्याकडे नव्हती, ती एमआयडीसीतल्या एका गॅरेजमध्ये करून घेतली. रंग बदलला नाही.

परवा रविवारी संध्याकाळी मुद्दाम गर्दीच्या वेळी पुण्याहून आलो. खंबाटकीत पाऊण तास अडकलो, एसी चालू होता आणि तापमान ९७ च्या वर गेले नाही. राजवाड्याजवळ उभ्या गाडीतही आता गार हवा येते, म्हणजे गॅस भरण्याचे पैसेही व्यर्थच गेले.

काल चौथ्या गॅरेजमधून फोन आला. हेडचे गॅस्केट मागवून ठेवले आहे, गाडी कधी आणता, अशी विचारणा होती. झालेला सगळा प्रकार मी त्यांना सांगितला. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘तरी एकदा आणून दाखवा.’