४० रात्री जागलं की संजीवन येतंच, हे कुठे लिहिलंय?

द्राक्षवेल: काल इथे एक संदेश फिरत होता: ‘४० रात्री कळकळीने प्रार्थना करा, मंडळीत (चर्चमध्ये) संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृती, येणारच. नाही आलं तर कळकळ कमी पडली.’ शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही. आधीच खचलेल्या माणसाच्या डोक्यावर आणखी दोष का ठेवायचा? बायबलमध्ये कर्मेल डोंगरावर वेदीवर अग्नी यावा म्हणून सकाळपासून ओरडले ते बआल दैवताचे संदेष्टे. अंगावर वारही करून घेतले. परमेश्वराचा संदेष्टा एलीया याची प्रार्थना दोन वचनांत संपते (१ राजे १८:३६-३७). पण त्याआधी त्याने मोडलेली वेदी १२ धोंडे घेऊन उभी केली. मंडळीतली भांडणं तशीच ठेवून रात्री जागायच्या, म्हणजे वेदी न बांधताच अग्नी मागायचा.

नहेम्या: ताई, अध्याय अर्ध्यावर सोडलात. पुढे तोच एलीया पावसासाठी गुडघ्यांत तोंड घालून बसतो आणि चाकराला सात वेळा समुद्राकडे पाठवतो. पावसाचं वचन तर आधीच मिळालं होतं, तरी मागणं सुटलं नाही. नव्या करारातल्या पत्रात याकोब प्रार्थनेचा दाखला देतो तो ह्याच पावसाचा. आणि केडगावचं निराधार मुली-स्त्रियांसाठीचं मुक्ती मिशन? जानेवारी १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंनी रोजच्या प्रार्थनेसाठी मुलींना पुढे यायला सांगितलं, ७० जणी आल्या. जूनपर्यंत ५५० जणी दिवसातून दोनदा जमत होत्या. २९ जूनला तिथे संजीवन आलं, मुली रडू लागल्या, त्यामागे एवढे महिने होते.

द्राक्षवेल: आणि त्या मुली रडून काय करत होत्या? पापं कबूल करत होत्या. जर्मनीतल्या हेर्नहूट या ख्रिस्ती वस्तीतला क्रमही बघा: १२ मे १७२७ ला तंटे मिटवायचा करार, १३ ऑगस्टला प्रभुभोजनात सगळे हेलावले, आणि आळीपाळीने दिवसरात्र प्रार्थना करायचा २४ तासांचा प्रार्थना-पहारा सुरू झाला तो २७ ऑगस्टला. शंभर वर्षं चाललेला पहारा आधी नव्हता, नंतरचा आहे.

नहेम्या: पहाऱ्याची तारीख मान्य. पण मे ते ऑगस्ट ती माणसं हात बांधून बसली नव्हती, प्रार्थनेला जमतच होती.

पहारेकरी: तुम्ही दोघं क्रमावर भांडताय, इकडे प्रार्थनासभा लांबणीने मरतायत. न्यूयॉर्कच्या फुल्टन स्ट्रीटवर २३ सप्टेंबर १८५७ ला प्रार्थनासभा सुरू करणारे लॅन्फियर अर्धा तास एकटेच होते, मग मिळून सहा जण झाले. सभा वाढली तसे नियम लावले: दुपारी १२ ला सुरू, १ ला बंद, प्रार्थना किंवा साक्ष पाच मिनिटांच्या आत, वादाचे विषय बंद. कोणी लांबवलं की घंटा.

जैतून: पवित्र आत्म्याला घंटा? बायबलमधली हन्ना मंदिरात मनातच प्रार्थना करत होती तेव्हा याजक एली तिला नशेत समजला. तुम्ही त्याच एलीच्या जागी बसताय! रोम ८:२६ मधले आत्म्याचे शब्दांत न मावणारे उसासे घड्याळात मोजणार?

पहारेकरी: एवढं चिडू नका. हन्ना कोणाचा वेळ घेत नव्हती. खोलीचं दार लावून रात्रभर करा, कोण अडवतंय? सभेत बिघडतं ते असं: विनंत्या सांगण्यात अर्धा तास, त्यात कोणाच्या घरचं काय चाललंय याची चर्चा, मग एक जण प्रार्थनेच्या नावाखाली उपदेश करतो, आणि नवखा माणूस तोंडच उघडत नाही. विनंत्या चिठ्ठीवर घ्या. दोन वाचा, लगेच त्या दोनांसाठीच प्रार्थना करा, मग पुढच्या दोन. एकाने एकच विषय घ्यावा.

जैतून: चिठ्ठ्या ठीक. पण ज्याला रडू फुटलंय त्याला मध्येच थांबवणं हा निर्दयपणा आहे, मग नियम कोणाचाही असो.

नहेम्या: संदेशातलं शेवटचं वाक्य काढायला हवं, एवढं ताईंचं पटलं. ४० रात्री मात्र मी सोडणार नाही.

द्राक्षवेल: नका सोडू. पण पहिले सात दिवस मत्तय ५:२३-२४ प्रमाणे ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याच्या दारी जा. घेतलेले पैसे राहिले असतील तर परत करा. आठव्या रात्रीपासून मीही येते.

जैतून: मीही. घंटा नसेल तर.